मथीच्या फुटबॉलसाठी हिंगोलीला

हिंगोलीहून आल्यापासून गल्लीतल्या बाया रोज विचारतात. काय पाहिलं, काय खाल्लं, पोरी खरंच अर्ध्या चड्डीवर खेळतात का? चार बाया जमल्या की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. "चांगलं होतं" एवढं म्हणून मी घागर उचलते. म्हणून मथीच्या सहावीच्या वहीची मागची कोरी पानं घेऊन बसले आहे. चौथीनंतर एवढं लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता, त्यामुळे आधी अक्षर ओळ सोडून पळत होतं, आता जरा वळणावर आलंय. ज्या बाया पुसेगावच्या बाजारापुढं कधी गेल्या नाहीत, त्यांच्यासाठी हे आहे. त्यांना वाचता येत नाही, पण कुणी लेकरू वाचून दाखवील.

पुसेगाव ते हिंगोली

मथी म्हणजे माझी मधली लेक, मथुरा. तिला चौदावं लागलंय. जाधव मास्तर आमच्या शाळेवर बदलून आले तेव्हा येताना त्यांनी चामड्याचा एक बॉल आणला होता, पोरांसाठी. मथी संध्याकाळी वासरू शोधायला शाळेमागं जायची, ती बॉलमागं पळायला लागली. वासरू आपलं आपण घरी यायचं, मथी येत नसे. मी दोनदा छडी घेऊन गेले. दुसऱ्या वेळी मास्तर म्हणाले, "वहिनी, मारा, पण आधी पाच मिनिटं बघा." मी बघितलं. आठ पोरं तिच्यामागं होती आणि एकालाही बॉल मिळत नव्हता. छडी मी तिथंच टाकून आले.

मास्तरांनी हिंगोलीच्या मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंना चिठ्ठी लिहिली. बाई तालुक्यातल्या पोरी जमवून फुटबॉलचा संघ करत होत्या. तो महिन्याभरानं औरंगाबादेला जाणार होता, तिथं सगळ्या मराठवाड्यातून पोरी निवडणार होते. तीन दिवसांसाठी या, पोरगी बघते, असं बाईंचं उत्तर आलं.

इकडं संक्रांत झाली की गोरेगावचे पाहुणे मथीला बघायला येणार होते. मथीचे वडील तूर काढायला लागले होते, त्यांना सोबत येता येत नव्हतं. ते म्हणाले, "जा तुमी दोघी. निवडली तर पाहुण्यायला थांबा म्हनू. न्हाई निवडली तर मंग काही बोलायचं न्हाई. ना तू, ना ती."

मी मान हलवली. मथीनंही हलवली. तिची मान जेमतेम हलली.

पुसेगावपर्यंत बैलगाडी, तिथून एस.टी. दुष्काळात ही सडक आम्हीच केली आहे. मी आणि माझी जाऊ सहा महिने खडी फोडत होतो, मथी तेव्हा दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून राहायची. पण सडक कुठं जाते ते मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी सुरू झाली तशी मी खिडकीतून आमचा तुकडा ओळखायचा प्रयत्न केला, पण गाडी इतकी भरभर गेली की सहा महिन्यांचं काम एका शिंकेत संपलं. दोन्ही बाजूंना करडई काटे काढून उभी होती, मधून कापून ठेवलेल्या तुरीचे कडप. काळी जमीन आमच्यासारखीच, फक्त विहिरींवर इंजिनं जास्त.

हिंगोलीत कापसाचा बारीक भुगा हवेत उडत असतो. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचा भोंगा वाजला तेव्हा मी मथीचा हात घट्ट धरला, आणि तिनं माझा. बाईंचं घर स्टेशनाकडच्या वस्तीत. वाघमारे बाई उंच, आवाज मोठा, गळ्यात शिट्टी. घरात त्यांच्या सासूबाई, सगळ्यांच्या आजी, आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाईंचे मालक रेल्वेत, ते कामावर गेले होते.

आजींनी पाण्याचा तांब्या आणला आणि मला विचारलं, "आमी बुद्धाचे. आमचं पानी तुमाला चालतं का ते आधी सांगा बाई. न्हाई तर शेजारून आनून देते." रागानं नाही, भाजीत मीठ किती टाकू विचारावं तसं. माझे कान तापले. आमच्या गावात त्यांच्या वस्तीत मी कधी बसलेली नाही. मी काही बोलायच्या आत मथीनं दोन गिलास पिऊन तिसरा पुढं केला होता. मग मीही प्याले. माठातलं गार पाणी, आमच्या घरी असतं तसंच. हे पान वाचून दाखवताना कुणी नाक मुरडलं तर मुरडो.

त्याच संध्याकाळी मी त्या घरात मोठा घोटाळा केला. बाईंकडं रॉकेलचा स्टोव्ह आहे. आजींनी पंप मारला आणि तो इतका फुसफुसायला लागला की आता फुटणार असं मला वाटलं. मी भरलेला तांब्या त्याच्यावर ओतला. स्टोव्ह गेला, पीठ भिजलं, आजींचं लुगडं भिजलं. आजी भिंतीला टेकून हसत राहिल्या. "विझवला की गं माझ्या सुनेचा संसार!" मग आम्ही अंगणात तीन दगड मांडले आणि मी भाकरी थापल्या. वांगं भाजून त्यात जवसाची चटणी कालवायची त्यांची रीत आहे. आमच्याकडं शेंगदाणे घालतात. मला जवसाचं जास्त आवडलं.

दुसरा दिवस, हिंगोली

शाळेमागं मैदान आहे. दोन्ही टोकांना बांबू रोवून वर बाजेचा सुंभ बांधला होता, ते गोल. चोवीस पोरी आल्या होत्या. बहुतेक हिंगोलीच्या, तीन-चार खेड्यांतल्या. मथीची चड्डी मी शाळेच्या निळ्या परकराची शिवली होती, गुडघ्याखाली जाईल अशी. एक पोरगी म्हणाली, "ही तर सलवार घालून आली." बाईंनी मथीची चड्डी दोन वेळा वर दुमडली आणि सुईदोरा घेऊन तिथंच टाके घातले. मी दुसरीकडं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. पाय तर तेच होते, रोज विहिरीवर दिसतात ते.

शिट्टी झाली. पहिल्याच धावेत मथीनं बॉल घेतला आणि निघाली. समोरून नसरीन आली. ती रेल्वेतल्या खलाशाची पोरगी, अंगानं थोराड, बाईंच्या संघात दोन वर्षांपासून. दोघींचे पाय एकमेकींना लागले. बॉल मथीकडंच होता. पण मथी थांबली, वाकली, नसरीनच्या पायाला हात लावला आणि तो हात छातीला लावून नमस्कार केला. तोवर दुसरीनं बॉल नेला.

"अगे, पाँव कायकू पड़ री?" नसरीन ओरडली. "बॉल गई ना तेरी!"

सगळ्या हसल्या. परत खेळ सुरू झाला, परत कुणाला तरी पाय लागला, परत मथी वाकली. फुटबॉल म्हणजे पायांचाच खेळ. मी मोजलं, दुपारपर्यंत अकरा वेळा. एकदा तर गोलापुढं कुणी नव्हतं, बॉल पायात होता, आणि मथी मागं फिरून पडलेल्या पोरीच्या पाया पडत होती.

"मथुरा!" बाई ओरडल्या. "हे मैदान हाय का देऊळ?"

मथीनं बाईंनाही नमस्कार केला.

आपल्याकडं माणसाला पाय लागला की पाया पडायचं, हे कुणी शिकवलं असं आठवतसुद्धा नाही. पण मथीला मी शिकवलं होतं. ती दोन वर्षांची असताना तिचा पाय झोपलेल्या आजोबांना लागला होता, तेव्हा मी तिचा हात धरून त्यांच्या पायाला लावला होता. त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही. किती गुणाची पोरगी म्हणून मी चारचौघींत मिरवले आहे.

दुपारी बाई माझ्याजवळ लिंबाखाली येऊन बसल्या. काडीनं मातीत एक रेघ ओढली. "ही हिंगोली. इथून औरंगाबाद. तिथं घेतलं तर मराठवाड्याची पोरगी. मग राज्याचा संघ. बंगालात, केरळात पोरी कवाच्या खेळायल्यात, त्यांच्यासंगं मॅच. त्याच्या पुढं देशाचा संघ."

मी पहिल्यांदा काही विचारलं. "त्याच्या पुढं?"

"पुढं नोकरी पायजे. पोरांना पोलिसात घेतात, रेल्वेत घेतात, खेळावर. पोरींना अजून कुणी घेतलेलं मी तरी पाहिलं न्हाई."

"मंग?"

"मंग मी तुमाला खोटं कशाला सांगू? मी शब्द देत न्हाई. पण कुनी तरी पहिली असतीच ना." त्यांनी काडी टाकली. "तुमची पोरगी चोविसात पहिल्या तिघींत पळती. पण उद्या बाळापूरला याच पोरींचे दोन संघ करून शेवटची मॅच हाय. तिथंच नावं काढायचीत. अशी वाकत राहिली तर मी न्यायची कशी? औरंगाबादेत लोक हसतील, आन् तिलाच तकलीफ होईल."

संध्याकाळी मथी आणि मी अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत होतो. ती म्हणाली, "माय, मी ठरवून जाते की न्हाई वाकायचं. पाय लागला की हात आपोआप जातोय. न्हाई गेला तर छातीत धडधडतंय. समोरच्या पोरीला बघवत न्हाई."

"मंग न्हाई म्हन ना बाईला."

"माय, मला गोरेगावला जायचं न्हाई."

एवढंच बोलली आणि भाजीच्या काड्या मोडत बसली.  पाया पडू नको, असं पोटच्या पोरीला कसं सांगायचं?

तिसरा दिवस, आखाडा बाळापूर

एका जिनिंगवाल्याचा ट्रक बाळापूरकडं रिकामा चालला होता, त्यात पोरींना बसवलं. मी आणि बाई मागं फळीला धरून उभ्या. कापसाचे धागे सगळ्यांच्या केसांत अडकले, चोवीस पोरी एका वाटेत म्हाताऱ्या झाल्या. कयाधू एका बाजूला मधूनच दिसायची, मधूनच लपायची. कळमनुरीच्या पुढं एका शेतात हुरडा चालला होता. त्या लोकांनी ट्रक थांबवून ओंजळीओंजळीनं पोरींना दिला. "कुठं चालली वरात?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. नसरीन म्हणाली, "बॉल खेलने, चाचा!" म्हातारा बराच वेळ हात कपाळावर धरून बघत राहिला.

बाळापूरचा बाजार आमच्या पुसेगावच्या चौपट. केळीचे घड, मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं. मैदान बाजाराला लागून, त्यामुळे शिट्टी वाजायच्या आधीच माणसं गोळा झाली. बाया थोड्या, पुरुष फार.  मी पदर पुढं ओढून भाजीवाल्या बायांच्या ओळीत बसले.

एक जण ओरडला, "आरं, पोरी बॉलला लाथा मारायल्या म्हनं! आन् घरी?"

माझ्या शेजारची मेथीवाली उठली. "घरी तुझी बायको तुला मारती की! म्हनून तर तू इथं येऊन बसलास."

माणसं अशी हसली की तो मनुष्य दिसेनासा झाला. मेथीवालीनं खाली बसत मला विचारलं, "यात तुमची कोनती?" मी मथीकडं बोट केलं. ती म्हणाली, "बारीक हाय. पन पाय चांगले हायेत." मला मनात बरं वाटलं.

मथी रांगेत उभी होती. दोन्ही हात पाठीमागं, बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. हात जाऊ नयेत म्हणून तिनं ते बांधून ठेवले होते. असं हात बांधून कुणी पळतं का? ते पाहिलं आणि मला एकदम सुचलं. एवढं साधं रात्रभर कसं सुचलं नाही कोण जाणे.

मला त्या मैदानात जायचं म्हणजे किती जड होतं ते ज्या बायांना मी ओळखीची आहे त्यांना कळेल. सासऱ्यांच्या तेराव्याला मी वाढायलासुद्धा पुढं गेले नव्हते, मागं भांडी घासत बसले होते. पण उठले. एवढे डोळे अंगावर घेऊन बाईंपर्यंत गेले. बाईंनी शिट्टी तोंडाला लावली होती.

"बाई, एक सांगू का?"

"आता? काय झालं?"

"तिला आधीच पाया पडू द्या. सगळ्या पोरींच्या. दोन्हीकडच्या. म्हंजे आज जेवढे पाय लागतील तेवढ्याची माफी आधीच होईल. मंग खेळताना काही राहनार न्हाई."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता हसतील. त्यांनी शिट्टी खाली घेतली. "मथुरा, इकडं ये. तुझी माय काय सांगती ऐक."

मी मथीला सांगितलं. तिनं मागचे हात सोडले. मग ती एका टोकापासून निघाली. एकेका पोरीपुढं वाकायची, पायाला हात, छातीला हात, पुढं. काही पोरी लाजून मागं सरकल्या. एकीनं उलट तिलाच नमस्कार केला. बाजारातली माणसं गप्प झाली होती. हा खेळाचाच भाग असेल असं त्यांना वाटलं असावं. शेवटी नसरीन होती. तिनं मथीला वाकू दिलं, मग दंडाला धरून उठवलं. "हो गया? सबका हिसाब बराबर? अब मार, जितना मारना है. मैं भी मारूँगी."

आणि मारलंही. पहिल्याच धावेत नसरीननं मथीला आडवं पाडलं. मथी उठली, हात गुडघ्यापर्यंत गेला, तिथं थांबला, आणि ती पळाली. मी एवढा वेळ श्वास धरून ठेवला होता. मेथीवाली म्हणाली, "सोडा आता, पोरगी पळाली."

त्यानंतर मथी एकदाही वाकली नाही. पायावर पाय आदळत होते, गुडघे फुटत होते. दोन पोरींना चुकवून तिनं बॉल एका उंच पोरीकडं दिला, आणि तिनं गोल मारला. मास्तरांचं ते पाच मिनिटं बघा मला परत दिसलं, फक्त या वेळी समोर पोरं नव्हती, शिकलेल्या पोरी होत्या. पण सगळं काही चांगलंच झालं असं लिहिलं तर खोटं होईल. शेवटी शेवटी ती गोलापुढं एकटी होती. बॉल मारला तो बांबूवरून थेट मिरच्यांच्या ढिगात गेला. बाजारभर खकाणा उठला. दोन्ही संघ शिंकत उभे राहिले, आणि त्या शिंकांतच शिट्टी झाली.

बाईंनी चिंचेखाली नावं वाचली. अकरा नावं झाली. मथी त्यात नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, मातीकडं पाहत राहिली. मग बाई म्हणाल्या, "राखीव तिघी," आणि त्यात दुसरं नाव मथुराचं आलं.

मी बाईंना बाजूला विचारलं, "राखीव म्हंजे निवडली का?"

"औरंगाबादेला येनार. कपडे मिळनार, जेवन मिळनार. कुनाला लागलं, कुनी थकलं, तर मैदानात. न्हाई तर बाहेर बसनार. अर्धी निवडली म्हना." बाई पुढं म्हणाल्या, "पन तिला गोल मारायला शिकवावं लागेल. महिनाभर माझ्याकडं राहू द्या. शाळेचं मी बघते. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ सराव. आजच सांगा, कारन तुमी मागं फिरला तर मला दुसरी पोरगी घ्यावी लागेल."

ह्यांनी 'निवडली तर' म्हटलं होतं. अर्धी निवडली तर काय, ते म्हटलं नव्हतं. विचारायला हे तिथं नव्हते. अठरा वर्षांच्या संसारात ह्यांना न विचारता मी एक कोंबडीसुद्धा विकली नाही. बाईंनी कागद पुढं केला. पालकाची सही असं लिहिलं होतं. मथी जवळ येऊन उभी राहिली. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि भुवयांवर लाल तिखट बसलं होतं.

मी सही केली. पूर्ण नाव, वडिलांनी हात धरून शिकवलं होतं तसं.

परत

हिंगोलीच्या स्टँडवर मथी सोडायला आली होती. आजींनी जवसाच्या चटणीची पुडी दिली आणि म्हणाल्या, "पोरीची काळजी करू नका. फक्त स्टोव्ह विझवायला या मधून मधून." गाडी सुटली तेव्हा मथी खिडकीबरोबर पळाली. स्टँडच्या फाटकापर्यंत गाडी तिला मागं टाकू शकली नाही.

पुसेगावला हे बैलगाडी घेऊन उभे होते. मी उतरले. ते माझ्यामागं एस.टी.च्या दाराकडं बघत राहिले. गाडी निघून गेली.

"मथी कुठाय?"

"ठेवली. बाईकडं."

"म्हंजे निवडली?"

मी वाटभर उत्तर जुळवत आले होते. पण माझ्याच्यानं अर्धं सांगवलं नाही. "अकरात न्हाई. राखीवमधी हाय. औरंगाबादेला नेनार हायेत, पन खेळवतीलच असं न्हाई. मी सही करून आले."

ह्यांनी बैल जुंपले. मी मागं बसले. नदीचा उतार आला, गेला. मला वाटत होतं आता म्हणतील, कुणाला विचारून सही केली? मी काय उत्तर देऊ ते ठरवत होते आणि काहीच ठरत नव्हतं. पण सही मागं घ्यायची नाही, एवढं ठरलेलं होतं.

गाव दिसायला लागलं तेव्हा हे मागं न बघता म्हणाले, "राखीवची पोरगी कवा खेळती?"

"अकरातल्या कुनाला लागलं तर."

"किती लागावं लागतंय?"

"चालता येऊ नये एवढं."

ह्यांनी कासरा जरा सैल सोडला. मग म्हणाले, "तसं काही फार न्हाई. आठ दिवसांत बरं होतंय."

"अवो, लोकांच्या लेकरायला असं म्हनू नये!"

"मी कुठं काय म्हनलं?" त्यांनी बैलांना हाकारलं. "गोरेगावला उद्या निरोप धाडतो. आन् ती औरंगाबादेची मॅच कवा हाय, ते बाईला चिठ्ठी लिहून विचार. तूर झाल्यावर असली तर बरं होईल."